तीन रात्री इकडे, सात रात्री तिकडे

आमच्या गावात पैसे देऊन राहणारा पाहुणा कोणाच्याही घरी सलग तीन रात्रींपेक्षा जास्त राहू शकत नाही. शेजारच्या गावात तो सात रात्रींपेक्षा कमी राहू शकत नाही. दोन्ही गावं वाशीम जिल्ह्यातलीच. दोन्हीकडे नगरपरिषद, दोन्हीकडे तेच सोयाबीन, तोच उन्हाळा आणि तीच धूळ. आमच्या गावाला भीती, की माणूस टिकून बसेल. त्यांच्या गावाला भीती, की माणूस लवकर निघून जाईल. गावांची नावं मी सांगत नाही. जिल्ह्यातल्या लोकांना ती कळतीलच, आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही, कारण त्यांना इथे राहायला जागा मिळणार नाही.

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. आयुष्यभर लोकांना गाडीत बसवून दुसरीकडे धाडलं. निवृत्त झाल्यावर घरात बसलो तर वर दोन रिकाम्या खोल्या. दोन मुलांसाठी बांधल्या होत्या. एक मुलगा पुण्याला, दुसरा हैदराबादला. दिवाळीला येतात आणि आल्यापासून परतीचं तिकीट पाहत बसतात. आमच्याच गल्लीत हाडांचा मोठा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं, की एका पेशंटजवळ एकच माणूस थांबेल. बाकीचे नातेवाईक डबे, चादरी आणि पाण्याच्या कॅन घेऊन गल्लीत बसून राहायचे. आमच्या ओट्यावरही बसायचे. एक दिवस माझी बायको म्हणाली, "ओट्यावर बसून राह्यले, त्याच्यापेक्षा वर निजले तर काय बिघडलं?" अशी आमच्या धंद्याची सुरुवात झाली. भाडं तिनंच ठरवलं, आणि ज्याला जमणार नाही त्याच्याकडून तिनंच ते घेतलं नाही.

गावात एक लॉज आहे. लॉजच्या मालकाचे मेहुणे नगरपरिषदेत आहेत. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं मला नगरपरिषदेतच सांगण्यात आलं. घरगुती भाडेकरूंमुळे गावाचं स्वास्थ्य बिघडतं, असा ठराव झाला. स्वास्थ्य बिघडायला तीन रात्रींपेक्षा जास्त वेळ लागतो असंही ठरलं. रक्ताच्या नातेवाइकांना सूट होती. उघड्या गटारांनी स्वास्थ्य बिघडत नसावं, कारण ठरावात त्यांचा उल्लेख नव्हता.

शेजारच्या गावात माझे साडू राहतात. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवणं, जप्तीला जाणं, सामानाची यादी करणं, यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे नियम म्हटला की त्यांना भरून येतं. त्यांच्याही घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि गावातल्या देवस्थानाला येणाऱ्या भाविकांना ते त्या देत. मग तिथे एक मुलगा आणि एक मुलगी कोणाच्या तरी घरी एक रात्र राहून सकाळी पळून गेली. गावात मोर्चा निघाला. नगरपरिषदेनं सात रात्रींची अट घातली. पळून जाणारे आठवडाभर थांबत नाहीत, असा त्यामागचा विचार. देवदर्शनाला येणारेही आठवडाभर थांबत नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

साडूंना मात्र आपल्या गावाचा नियम फार पसंत पडला. त्यांचा रोज फोन यायचा.

"साडूबुवा, तुमच्या गावचा नियम म्हनजे आल्या माणसाले हाकलून देनं होय. आमच्याकडे कसं, माणूस आला की पक्का."

"किती पक्के झाले आतापर्यंत?" मी विचारायचो.

"येतीन ना. क्वालिटीचं गिऱ्हाईक जरा उशिरानं येते."

खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, पण साडू तृप्त होते. मीही काही कमी नव्हतो. आमचा नियम मला मनातून भंपक वाटायचा. पण साडू बोलायला लागले की मी त्याची बाजू घ्यायचो. आमच्या गावात निदान माणसाला झोपून उठून आपल्या घरी जाता येतं, तुमच्या गावात त्याला कोंडून ठेवतात, असं मी म्हणायचो. दोघं म्हातारे आपापल्या नगरपरिषदेचे वकील झालो होतो, बिनफीचे.

अशात एक बाई आमच्याकडे आली. इंझोरीकडच्या एका खेड्यातली, बायकोच्याच वयाची. तिचा नवरा ट्रॅक्टरवरून पडला होता आणि मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात रात्री मुलगा थांबायचा. ही आमच्याकडे स्वयंपाक करायची, डबा न्यायची, संध्याकाळी परत येऊन पडायची. बोलायची कमी. सकाळी मी उठायच्या आत आमचं अंगण झाडून झालेलं असायचं. बायकोनं तिला दोनदा रागावून झाडू हातातून काढून घेतला. तिसऱ्यांदा रागावली नाही, कारण तोवर दोघी मिळून झाडायला लागल्या होत्या.

तीन रात्री संपल्या. हाड काही तीन रात्रींत जुळत नाही. बाईनं आपलं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, "मंग मी दवाखान्याच्या जिन्याखाली राहीन. लोकं राह्यतात."

बायकोनं गाठोडं सोडलं. "कोनी निघा म्हटलं का तुमाले?"

कोणी म्हटलं नव्हतं. पण लगेच म्हणायला आलं. नगरपरिषदेचा एक तरुण मुलगा मोटारसायकलवर आला. तपासणी करायला नेमलेला. तोंडावर आर्जव, हातात मोबाइल. लॉजवाल्यांची तक्रार आहे असं त्यानं सांगितलं नाही, फक्त "वरून आलं" म्हणाला. वरून म्हणजे लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरून, एवढं मला कळलं.

"काकू, वर कोन राह्यते?"

"माही बहीन," बायको म्हणाली. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"सख्खी?"

"मंग काय चुलत?"

मुलानं मान खाली घालून मोबाइलमध्ये काहीतरी भरलं. तेवढ्यात बायकोनं त्याला खुर्ची दिली आणि त्याचीच तपासणी सुरू केली. कोणत्या गावचा, आईचं माहेर कुठलं, मोठी बहीण कुठे दिली. आमच्या भागात हे असंच असतं. माणूस समोर बसला की चहा उकळायच्या आत त्याचं नातं निघतं. याचंही निघालं. त्याच्या बहिणीची जाऊ ही बायकोच्या मामेबहिणीची मुलगी निघाली. चहा पिऊन होईपर्यंत तो तिला मावशी म्हणायला लागला होता. जाताना त्यानं वरच्या बाईंनाही वाकून नमस्कार केला, कारण हिशेबानं तीही त्याची मावशीच झाली होती. ती बिचारी जिन्यात गोंधळून उभी राहिली आणि तिनं त्याला शंभर वर्षांचं आयुष्य दिलं.

त्या दिवसापासून आमच्या घरी राहायला येणारी प्रत्येक बाई माझ्या बायकोची बहीण झाली. हिंगोलीकडची एक, तिच्या नातवाचा पाय मोडला होता. तांड्यावरची एक, ऊसतोडीला जाऊन तिथून हात मोडून आलेल्या पोराची आई. एक मुसलमान आजी, सून दवाखान्यात. त्या आजींच्या वेळी मात्र मुलगा अडखळला.

"मावशी, ह्या पन सख्ख्या?"

"ह्या सगळ्यांत मोठ्या," बायको म्हणाली.

आजी गालात हसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बेटा, लिख ले. थोरली."

त्यानं लिहून घेतलं.

इकडे आमच्याकडे बहिणी वाढत होत्या, तिकडे साडूंना एकदाचं क्वालिटीचं गिऱ्हाईक मिळालं. एका बियाण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी. त्याचं गावात एका दिवसाचं काम होतं, पण दुसरीकडे सोय नव्हती. म्हणून त्यानं नियमाप्रमाणे आठवड्याची खोली घेतली. रात्री झोपला, सकाळी आंघोळ करून काम उरकलं आणि बॅग घेऊन बसस्थानकावर गेला. नेमकं त्याच वेळी तिथल्या नगरपरिषदेचं पथक साडूंच्या घरी आलं. साडूंनी अभिमानानं खोली उघडून दाखवली. आत कोणी नव्हतं.

"गिऱ्हाईक कुठी हाय?"

"बाहेर गेलं आसन."

"बॅग?"

साडू चप्पल न घालता बसस्थानकाकडे पळाले. पुढचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या गाडीचा कंडक्टर माझ्या जुन्या ओळखीचा, त्यानं सांगितलं. साडू खिडकीशी उभे राहून प्रतिनिधीला म्हणत होते, "उतरा खाली. तुमच्या सहा रात्री बाकी हायेत."

"काका, ठेवा ना पैसे. मी मागून राह्यलो का परत?"

"पैशाचा प्रश्न नाही. झोपेचा हाय."

गाडीतले लोक हसायला लागले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. साडू गाडीबरोबर थोडं चालले आणि मग थांबले.

पथकानं वरचा मजला सील केला. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या दाराला सील ठोकलं, त्याच्या जिन्याच्या दाराला लाखेचा ठिपका बसला. ते सील नीट बसलेलं नाही, दोरी ढिली आहे, असं साडूंनी त्या पथकाला दाखवून दिलं आणि त्यांच्याकडून पुन्हा नीट बसवून घेतलं. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं नळ उघडला. पाणी नाही. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह वर, सीलच्या आत.

"मंग तोडा ते," ती म्हणाली.

"सील तोडनं गुन्हा हाय," साडू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं आमच्याकडे राहायला आले.

वरची एक खोली त्यांना दिली. पहिले काही दिवस फार छान गेले. दोघी बहिणी सकाळपासून स्वयंपाकघरात बोलत बसायच्या. माहेरच्या गल्लीतल्या मेलेल्या, जिवंत आणि पळून गेलेल्या अशा सगळ्यांची उजळणी झाली. साडू ओट्यावर बसून आमच्या गावाला नावं ठेवायचे. इथली नाली बरोबर नाही, इथला चहा गोड, इथल्या कुत्र्यांना वळण नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते दात घासताना म्हणाले, "साडूबुवा, आजपासून आपन बेकायदा झालो."

"तुम्ही नातेवाईक आहात. तुम्हाला सूट आहे."

"ते सिद्ध करा लागते," ते म्हणाले. मला वाटतं, त्यांना ते सिद्ध करायची संधी हवीच होती. हीच गोष्ट ते कोपऱ्यावरच्या टपरीवर चारचौघांना समजावून सांगून आले. टपरी लॉजच्या समोर आहे.

या वेळी आलेला माणूस नवा होता. आधीच्या मुलाची पाणीपुरवठ्यात बदली झाली होती. नवा माणूस वयस्क, कोरडा, चहा नको म्हणणारा. तो खुर्चीतही बसला नाही. मोबाइल पाहत त्यानं बायकोला विचारलं, "काकू, तुमाले बहिनी तरी किती?"

उत्तराची वाट न पाहता त्यानं मोबाइलवर बोट सरकवलं.

"ह्या घरात आलेली हर बाई तुमची सख्खी बहीन. एक तर दुसऱ्या धर्माची हाय. तुमच्या वडलांनी केलं तरी काय काय?"

मला राग आला, पण त्याच्या आकडेवारीत चूक काढता येईना.

"पन ही खरी हाय," बायको म्हणाली. "वर हाय ते, ती खरोखरची बहीन हाय माही."

"सारेच असं म्हनतात."

साडू पुढे झाले. एका सरकारी माणसाशी दुसऱ्या सरकारी माणसानं बोलावं तसे बोलले. आधी त्याच्याकडे तपासणीचा आदेश मागितला, तो वाचला, त्यातली एक चूक दाखवली, मग आपलं आधार कार्ड दिलं. त्यावर शेजारच्या गावचा पत्ता होता. नव्या माणसानं तो पाहिला आणि समाधानानं मान हलवली. बाहेरगावचं माणूस, तीन रात्रींच्या पुढे. त्याच्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं.

तेवढ्यात थोरली खाली आली. "आडनाव येगळं, गाव येगळं," तो माणूस तिला म्हणाला, "मंग बहीन कशी?"

"तुह्या बहिनीचं आडनाव लग्न झाल्यावर तुह्यंच राह्यलं का?"

त्याला हे लागलं असावं. त्यानं एक युक्ती काढली. थोरलीला स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं, बायकोला बैठकीत उभं केलं आणि म्हणाला, "दोघींले एकच सवाल करतो. जवाब सारखा आला पायजे. तुमच्या मायनं मरताना पोरींले काय देलं?"

मला वाटतं, त्यानं सहज विचारलं. बायकोनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले काहीच नाई देलं. शिलाई मशीन होती, ते तिनं नेली."

स्वयंपाकघरातून थोरली तीरासारखी बाहेर आली.

"मी नेली? मायनं स्वता सांगतलं होतं मले ने म्हनून!"

"मायले तवा बोलता तरी येत होतं का? लकवा मारला होता तिले. तुले कवा सांगतलं तिनं?"

"हातानं दाखोलं!"

"हातानं! वर्षभर तिचं सारं म्या केलं. तिले उचलनं, धुनं, भरवनं. तू आली ते मशीन न्याले आली. टेम्पो घेऊन आली!"

"तू केलं ते गावभर सांगत फिरली ना! माह्यी सासू खाटेवर होती तवा. मी काय दोन ठिकानी मरू?"

"एक डाव फोन तरी करा लागत होता."

"केला होता! तू उचलला नाई!"

मी आणि साडू भिंतीला लागून उभे होतो. इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंच्या तेराव्याला दोघी गळ्यात गळा घालून रडल्या होत्या, तेच मला आठवत होतं. दरवर्षी भाऊबीज, संक्रांत, लग्नं, सगळं नीट झालं होतं. आणि मशीन तिकडे साडूंच्या ओसरीत चादरीखाली पडून होती. त्यावर कोणी एक उशीचा अभ्राही शिवला नव्हता. बायकोचा आवाज फाटला आणि ती खाली बसली. थोरली उभीच राहिली.

नव्या माणसानं मोबाइल वर धरला आणि बोटानं काहीतरी दाबलं.

"सख्ख्या," तो म्हणाला.

मग साडूंचं आधार कार्ड परत देऊन चप्पल घालून निघून गेला. नियमाचं पालन झालं होतं.

थोरलीनं वर जाऊन बॅग भरली. साडू तिच्या मागे मागे फिरत होते. "अवं, आता तर आपल्याले मुभा हाय. नातं सिद्ध झालं. कितीबी दिवस राह्यता येते."

"चाला," ती म्हणाली.

मी त्यांना गाडीत बसवून आलो. पाणी नसलेल्या घरी ते दोघं परत गेले. बायको दारापर्यंतही आली नाही. त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, जेवली नाही. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "तुमी आता त्या नगरपरिषदेचं नाव काहाडू नका मह्यापुढी."

मी काढलं नाही. पण नगरपरिषदांनी आपलं काम थांबवलं नाही. आमच्याकडचे काही सदस्य अभ्यास दौऱ्यावर शेजारच्या गावाला गेले, आणि तिकडचे काही सदस्य आमच्याकडे आले. तिकडे मुक्काम कोणीच केला नाही, एक रात्र तिथल्या नियमात बसत नव्हती. दोघांनाही एकमेकांची पद्धत आदर्श वाटली. आता आमच्या गावात सात रात्रींची अट लावायचा विचार चालू आहे आणि त्यांच्या गावात तीनची. दवाखान्यासमोर लोक पहिल्यासारखे गल्लीत चादरी अंथरून झोपतात. गल्लीत किती रात्री झोपावं यावर कोणत्याही गावात मर्यादा नाही.

साडूंचं सील निघालं. त्यांनी रीतसर अर्ज केला होता. आम्ही खोल्या देणं थांबवलं. म्हणजे बायकोनं थांबवलं. "मले आता बहिनी नको," एवढंच म्हणाली.

सात-आठ महिने दोघी बोलल्या नाहीत. साडूंचे फोन येत राहिले, पण त्यात रंग नव्हता. मग अनसिंगला एका नात्यातलं लग्न निघालं. जावंच लागणार होतं. यजमानांना काही माहीत नव्हतं. त्यांनी बायकांच्या पंगतीत दोघींना शेजारी शेजारी बसवलं. मी पुरुषांच्या पंगतीतून मान लांब करून पाहत होतो. बराच वेळ दोघी समोर पाहत जेवत होत्या. मग बायकोनं स्वतःच्या पानातली जिलबी उचलली आणि थोरलीच्या पानात टाकली. तिच्याकडे न पाहता. थोरलीनं ती खाल्ली, तीही न पाहता. वाढप्यानं भात आणला तेव्हा थोरली काहीतरी पुटपुटली आणि बायकोनं मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाच्या आईकडे पाहिलं. ताक येईपर्यंत दोघी त्या विहीणबाईंच्या पैठणीवर, बोलण्यावर आणि चालण्यावर मिळून तुटून पडल्या होत्या. मशीनचं काय झालं, ते मी विचारलं नाही आणि अजूनही मला माहीत नाही.

हात धुवायच्या नळावर साडू भेटले. हात रुमालाला पुसत म्हणाले, "साडूबुवा, तुमी तीनवरून सातवर येऊन राह्यले म्हनते. आमचं पाहून केलं तुमी."

"आणि तुम्ही सातवरून तीनवर उतरता आहात. आमचं पाहून," मी म्हणालो.

"उतरनं आन् चढनं यात फरक हाय," साडू म्हणाले, आणि तो फरक समजावून सांगायला त्यांनी मला बाजूला, मांडवाच्या सावलीत नेलं.